नऊ बादल्या पाण्याची बाही

कमरभाभी भित्र्या आहेत, हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही. त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात. घराला कुलूप लावून सिग्नलपर्यंत आल्या की परत जाऊन कुलूप ओढून बघतात. लिफ्टमध्ये चढत नाहीत. रस्त्यात कुत्रं बसलेलं दिसलं तर पलीकडच्या गल्लीने वळसा घालून येतात. नाव कमरजहां मोमीन, वय अठ्ठेचाळीस, आणि काम असं की पुण्यात कुणाला सांगितलं तर आधी हसूच येतं. त्या शर्यतीची शिडं शिवतात.

विश्रांतवाडीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर तेजस दातारचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन गाळे, मधली भिंत काढलेली, बॅडमिंटनच्या मैदानाएवढी लाकडी जमीन, आणि त्या जमिनीत खड्डा करून बसवलेलं शिलाईचं यंत्र. शीड एवढं मोठं असतं की ते जमिनीवर पसरायचं आणि शिवणारीने खड्ड्यात बसायचं. मी वरच्या मजल्यावर राहतो. निवृत्त झाल्यापासून दुपारचा चहा मी खालीच पितो. "पुण्यात समुद्र कुठाय?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तेजस मान वर न करता म्हणाला, "पुण्यात ऊस तरी कुठाय? रसवंत्या चालतातच ना."

ही शिडं होड्यांची नसतात. एक फळी असते, तिच्यावर डोलकाठी, डोलकाठीला शीड. माणूस फळीवर उभा राहून शिडाची आडवी दांडी दोन्ही हातांनी धरतो, कमरेच्या पट्ट्याचा हुक दांडीच्या दोरात अडकवतो आणि वाऱ्यावर पळतो. याच्या शर्यती होतात, ऑलिम्पिकमध्येसुद्धा.

भाभी मूळच्या ताडपत्रीवाल्या. सासरे अल्लाबक्ष यांचं भवानी पेठेत ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं. सोळा वर्षांपूर्वी तेजस तिथे जाड कापडावर नागमोडी टाका सरळ रेषेत घालणारा माणूस शोधत गेला आणि त्याला भाभी सापडल्या. तेव्हापासून शर्यतीच्या शिडांमध्ये जे जे बदल झाले ते त्यांच्या हाताखालून गेले. सुरुवातीला शिडं बसकी आणि पोटाळ होती. फळ्या हळूहळू आखूड आणि रुंद होत गेल्या. मग फॉइल आलं. फळीच्या पोटाखाली माणसाच्या छातीपर्यंत पोचेल एवढी लांब कार्बनची दांडी आणि तिच्या टोकाला विमानासारखे पंख. वेग मिळाला की पंख फळीला पाण्याबाहेर उचलतात आणि माणूस पाण्यावरून दोन हात उंच उडत जातो. पाण्याचा अडथळाच राहिला नाही, त्यामुळे शिडाला पोटही नको झालं. शिडं उंच, अरुंद, सपाट झाली. खालची कड फळीला टेकायला लागली.

आणि बाही रुंद झाली. डोलकाठी ज्या लांब पिशवीतून जाते तिला भाभी बाही म्हणतात. बाही रुंद असली की शिडाची पुढची कड गोल, भरीव होते, वारा तिच्यावरून न अडखळता घसरतो आणि शीड जास्त पळतं. सोळा वर्षांपूर्वीची चार बोटांची बाही वीतभर झाली, मग वीतभराहून मोठी. जगभर हेच चाललंय, असं तेजस म्हणायचा. भाभींची मुलगी अलफिया वाघोलीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे. लहानपणी ती शाळा सुटली की कारखान्यात येऊन बसायची. पंधराव्या वर्षी तेजसने तिला फळीवर उभं केलं. आता एकवीस वर्षांची आहे, आणि नवीन शीड तयार झालं की ते पाण्यावर पळवून बघायचं काम तिच्याकडे असतं.

म्हणजे आई शिवते आणि मुलगी त्यावर उडते. भाभींच्या भीतीला एवढं पुरेसं होतं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तेजसने नवीन आराखडा काढला. बाही आणखी रुंद. भाभींनी ती शिवली, पण शिवताना त्यांचा हात तीन वेळा थांबला. मी बघत होतो. चौथ्यांदा त्या खड्ड्यातून बाहेर आल्या आणि कधी नव्हे ते तेजसच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"तेजसभाऊ, हे पाण्यात पडलं तर?"

"पडणारच. सगळे पडतात."

"बाहीत पाणी भरेल."

"भरेल आणि निघूनही जाईल. अहो भाभी, मापं मी बघतो, टाके तुम्ही बघा. अशी वाटणी आहे ना आपली?"

भाभी परत खड्ड्यात जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी जुनी बाही आणि नवीन बाही मागच्या अंगणात नेऊन जिन्याच्या कठड्याला टांगली, तळाशी सुतळीने आवळून बांधली आणि नळाखालची बादली भरभरून वरून ओतायला लागल्या. मी बादल्या पोचवत होतो. जुन्या बाहीत तीन बादल्या मावल्या. नवीनमध्ये नऊ. दहावी ओतताना कठड्याची सळई वाकली. बाही जागोजाग गळत होती, पण ज्या वेगाने भरत होती त्या वेगाने नाही.

तेजस आवाज ऐकून बाहेर आला. ओलं अंगण बघितलं, वाकलेली सळई बघितली.

"पाण्यात पाण्याला वजन नसतं, भाभी. शाळेत शिकवतात हे."

"पण उचलायचं तर पाण्याबाहेरच असतं ना?" भाभी म्हणाल्या.

तो म्हणाला की अलफियाला ताकद आहे, तंत्र आहे, अंगात तरंगणारं जॅकेट असतं, मागे बोट असते. सगळं खरंच होतं. भाभींनी मान डोलावली. पण त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं. घरी त्यांनी अलफियाला विचारलं, "शीड अंगावर पडलं तर तू काय करतेस?" अलफिया म्हणाली, "अम्मी, खालून हाताने वर ढकलायचं, हवेची जागा होते, मग सरकत सरकत कडेला यायचं. सिंपल आहे." भाभींनी तिच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं. मला सांगताना म्हणाल्या, "तिला सोपं वाटतं ना, त्याचीच मला भीती वाटते."

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी चाचणी ठरली. खडकवासल्याच्या धरणावर दुपारनंतर पश्चिमेचा वारा दरीतून खाली येतो. उन्हाळ्यात तो चांगलाच जोर धरतो. तेजसला बाहीच्या शिवणीजवळ सुरकुती पडते का ते बघायचं होतं आणि ते किनाऱ्यावरून दिसत नाही. तो म्हणाला, "भाभी, तुम्ही बोटीत बसा. सुरकुती तुमच्याइतकी कुणाला कळत नाही."

भाभी आयुष्यात घोट्याच्या वर पाण्यात उतरल्या नव्हत्या. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि अलफिया पाण्यावर असताना आपण विश्रांतवाडीत बसून राहायचं हे त्याहून कठीण वाटलं. त्या गेल्या.

बोट मच्छिंद्रची. तो काठावरच्याच गावचा, पन्नाशीचा, जन्म धरणावर गेलेला. त्याने भाभींना दंडाला धरून बोटीत बसवलं, ओढणीवरून लाइफ जॅकेट घातलं, पट्टे आवळले. "घाबरू नगा ताई. बोट लई भारी हाय." भाभींनी दोन्ही हातांनी कडेचा दोर धरला. इंजिन चालू झालं तशी बोट हलली आणि त्यांनी दोर आणखी आवळून धरला. किनारा मागे सरकताना बघवेना, म्हणून त्यांनी नजर शिडांवर लावली.

दोन शिडं होती, एकाच मापाची. जुन्या बाहीचं तेजसकडे, नव्या बाहीचं अलफियाकडे. नव्याच्या टोकाला निळी पट्टी होती, लांबूनही ओळखू यावी म्हणून. दोघं शेजारी शेजारी पळणार होते, म्हणजे कोणतं शीड किती पुढे जातं ते कळतं. अलफियाने फळीवर पाय ठेवला, शीड उभं केलं, दोनदा अंग मागे टाकलं आणि फळी पाण्यातून वर आली. खाली नुसती काळी दांडी, पात्यासारखी पाणी कापत जाणारी. निळी पट्टी बघता बघता लहान झाली.

पहिल्या दोन फेऱ्यांत बोट जवळून गेली. शिवणीत सुरकुती नव्हती. तिसऱ्या फेरीला दोघं पलीकडच्या काठाला गेले, एका टेकाडाआड दिसेनासे झाले. पाच मिनिटं झाली, सात झाली.

"काय करतायत?" भाभींनी विचारलं.

"इसावा घेत आस्तील," मच्छिंद्र म्हणाला.

मग दोन्ही शिडं टेकाडाआडून बाहेर आली. वारा वाढला होता. पाण्यावर काळे पट्टे धावत येत होते आणि बोटीचं नाक प्रत्येक लाटेवर आपटत होतं. निळ्या पट्टीचं शीड पुढे होतं, फार वेगात. काळा पट्टा त्याच्यापर्यंत पोचला तशी फळी पाण्यातून पूर्ण बाहेर उसळली, खालच्या पंखांसकट, आणि दुसऱ्या क्षणी पुढे कोसळली. शीड सपाट पडलं. पाण्यावर थाप मारल्यासारखा आवाज थोड्या वेळाने बोटीपर्यंत आला.

भाभी वाट बघत राहिल्या. डोकं वर यायला पाहिजे होतं.

"पडत्यात न् उठत्यात," मच्छिंद्र म्हणाला. त्याने इंजिन वाढवलं नाही.

शीड हललं नाही. त्याचं टोक, निळी पट्टी, हळूहळू पाण्याखाली गेली. बाहीत काय भरतंय ते भाभींना माहीत होतं.

"चला," त्या म्हणाल्या. मग त्या ओरडल्या, अशा ओरडल्या की मच्छिंद्र दचकला. "चला! माझी पोरगी खाली आहे!"

अंतर फार नव्हतं, तीनशे मीटर असेल. भाभी सांगतात की त्या तेवढ्या वेळात त्यांनी अलफियाचं बारसं बघितलं, तिचा कॉलेजचा डबा आठवला, आणि घरी आमीरला, म्हणजे नवऱ्याला, काय सांगायचं त्याचं पहिलं वाक्यही त्यांच्या मनात तयार झालं. ते वाक्य त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

बोट शिडाला भिडली. शिडाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या फिल्मखाली काहीतरी काळं हलत होतं. मग एक तळहात आतून फिल्मला येऊन चिकटला. पाचही बोटं पसरलेली. हात सरकला, पुन्हा चिकटला. अंगातलं जॅकेट माणसाला वर ढकलत होतं आणि वर शीड होतं. कमरेचा हुक दोरात अडकला असणार, कारण तो माणूस कडेकडे सरकतच नव्हता.

मच्छिंद्रने डोलकाठी धरून शीड उचलायचा जोर लावला. बोट कलली, शीड तसूभर हललं नाही.

"उचलू नका! नाही उचलणार ते!" भाभी म्हणाल्या. "मला धरा. मागून धरा."

त्यांच्या गळ्यात कामाची छोटी कात्री असते, टाके उसवायची, दोरीला बांधलेली. बहुतेक वेळ ती त्या काढायलाच विसरतात. मच्छिंद्रने त्यांचं जॅकेट मागून मुठीत धरलं आणि त्या बोटीच्या कडेवरून छातीपर्यंत पाण्यात ओणव्या झाल्या. पाणी नाकात गेलं. शिडाचा बहुतेक भाग आत धाग्यांची जाळी घातलेला असतो, तो कात्रीने कापत नाही. पण दांडीच्या वर, बघण्यासाठी ठेवलेली, शीड ताठ ठेवणाऱ्या दोन आडव्या पट्ट्यांच्या मधली एक खिडकी नुसत्या फिल्मची असते. ती खिडकी त्यांनीच बसवली होती. डोळे मिटले असते तरी सापडली असती. त्यांनी टोक खुपसलं, उलटं फिरवलं आणि दोन्ही हातांनी ओढलं. फिल्म कागदासारखी फाटत गेली.

फटीतून आधी हात आला, मग डोकं. केस आखूड होते. दाढी होती.

तो तेजस होता.

मच्छिंद्रने त्याला काखेत धरलं. भाभींनी पाण्यात हात घालून चाचपडत कमरेच्या हुकात अडकलेला दोर कापला. दोघांनी मिळून त्याला बोटीत ओढलं. तो निळा पडला होता आणि काही क्षण त्याच्याकडून कसलाच आवाज आला नाही. मच्छिंद्रने त्याला कुशीवर वळवून पाठीत मारलं. तेजस खोकला, पाणी ओकला, पुन्हा खोकला, आणि बरगडी धरून कळवळला.

"अलफिया कुठाय?" भाभी ओरडल्या. "अलफिया कुठाय?"

त्याला बोलता येत नव्हतं. भाभी बोटीत उभ्या राहिल्या, जिथे त्या बसायलाही घाबरत होत्या. चहूकडे पाणी. मग लांबून दुसरं शीड येताना दिसलं, पांढऱ्या टोकाचं. खाली अलफिया होती. ती जवळ आली, फळी सोडून पोहत बोटीला आली आणि रडायला लागली. टेकाडाआड त्यांनी शिडं बदलली होती. शीड वेगवान आहे की चालवणारी, हे कळायला मध्येच अदलाबदल करावी लागते. नेहमीचंच होतं ते. फक्त बोटीतल्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं.

तेजसच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि फुप्फुसात पाणी गेलं होतं. पाच दिवस हॉस्पिटलमध्ये, तीन आठवडे घरी. कारखाना बंद होता. भाभी तरीही रोज यायच्या, कुलूप उघडून खड्ड्याच्या कडेला बसायच्या. यंत्र चालू करायच्या नाहीत. मी चहा घेऊन खाली जायचो. एक दिवस त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला एक सांगू? त्याचं तोंड दिसलं ना, तेव्हा मी पहिलं काय म्हटलं माहितीये? अल्हमदुलिल्लाह. माणूस मरायला टेकलेला, आणि मी अल्लाचे आभार मानत होते. आपण अशा आहोत, हे मला माहीत नव्हतं. पाण्याची भीती परवडली. ही स्वतःचीच भीती नाही परवडत."

मी चहाचे कप उचलले.

तेजस परत आला तो चार किलो कमी होऊन. जिना उतरल्यासारखा जपून खुर्चीत बसला. भाभींनी त्याला पाणी दिलं आणि उभ्या उभ्याच ते अल्हमदुलिल्लाहचं सांगून टाकलं. शब्दही बदलले नाहीत. मला वाटलं, आता काहीतरी बोचरं येणार.

तेजसने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "मी तुमच्या जागी असतो तर मीही तेच म्हटलं असतं, भाभी. फक्त संस्कृतात."

भाभींना हसू आलं आणि त्याच हसण्यात त्या रडल्या. तेजस म्हणाला, "तिथे खाली मला एकच कळत होतं, की वरती कुणीतरी माझ्यावर हात ठेवून दाबतंय. कुणी नव्हतं. मीच काढलेली मापं होती ती." अजूनही आंघोळीला तो डोक्यावरून पाणी घेत नाही, असं त्याची आई सांगते.

"ही बाही मी पुन्हा शिवणार नाही," भाभी म्हणाल्या.

"बाहेर सगळे रुंदच करतायत. आपण अरुंद केली तर मागे पडू."

"मग दुसरी कुणी शिवेल. मी तुम्हाला नंबर देते दोघींचे."

तेजसने नंबर मागितले नाहीत. पुढचे दोन महिने तो, भाभी आणि अलफिया जमिनीवर शिडं पसरून बसायचे. अलफियाने कॉलेजचा प्रकल्प म्हणून हेच घेतलं. शेवटी वरची बाही रुंद राहिली, खालची अरुंद झाली, आणि कडेला जाळीची चार तोंडं आली, पाणी पटकन निघून जाईल अशी. सरावाच्या प्रत्येक शिडात आता डोक्याच्या उंचीवर नुसत्या फिल्मचा रुंद तुकडा असतो आणि त्याला लाल किनार. कमरेला सुरी बांधल्याशिवाय तेजस कुणाला फळीवर पाय ठेवू देत नाही. नवीन शीड जुन्याहून थोडं मंद आहे. हे तो गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगतो, आणि काही गिऱ्हाइकं जातात.

भाभी दर चाचणीला बोटीत असतात. भीती गेली का, असं मी विचारलं. "कुठे जाईल?" त्या म्हणाल्या. "आता शिवताना शेजारी बसते, बोटीत बसते, अलफिया घरी आली की तिचे केस पुसताना पण बसते."

जानेवारीत अलफिया गोव्याला शर्यतीला गेली. भाभींना सुट्टी घेऊन जाता आलं असतं, पण समुद्राचं नाव काढल्यावर त्या नको म्हणाल्या. दुपारी शर्यत होती. फोन यंत्राशेजारी ठेवून त्या खड्ड्यात बसल्या होत्या आणि मी आणि तेजस कापडाच्या गठ्ठ्यांवर. तीनला फोन यायचा होता. साडेतीन झाले. भाभींनी एक शिवण घातली, उसवली, पुन्हा घातली. चारला तेजसने गोव्यात कुणालातरी फोन लावला, लागला नाही. त्याचा चेहरा बघून भाभींनी यंत्राची कळ बंद केली.

चार वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. एकोणीस जणींत सातवी आली होती. वारा पडल्यामुळे शर्यतच उशिरा सुरू झाली होती.

"पडलीस का?" भाभींनी विचारलं.

"दोनदा, अम्मी."

"किती वेळ लागला वर यायला?"

"पहिल्यांदा थोडा. दुसऱ्यांदा काहीच नाही."

"थोडा म्हणजे किती?"

अलफिया पलीकडून हसायला लागली. भाभी हसल्या नाहीत. उत्तर मिळेपर्यंत त्यांनी फोन कानाचा काढला नाही.